ताऱ्यांच्या विहिरीला झरे किती?

बँकेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक हिशेब असा चुकवला की तो अजून विसरता येत नाही. ताऱ्यांच्या जन्माविषयी लिहायला बसलो आणि तोच आधी आठवला. त्याचे कारण पुढे येईलच. तोवर वाचकांनी थोडी कळ काढावी.

१९९३ साली माझी बदली जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत झाली. शेतीकर्जाचे टेबल माझ्याकडे होते. नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा अर्ज आला. जुनी मोटर काढून जास्त ताकदीची बसवायची, पाइपलाइन टाकायची आणि ऊस लावायचा, असा त्याचा बेत. मी विहीर पाहायला गेलो. पाऊस चांगला झालेला, विहीर तुडुंब भरलेली. मी विहिरीचा घेर मोजला, पाण्याची खोली मोजली, रोजचा उपसा किती होईल ते विचारले, भागाकार केला आणि अर्जावर शेरा मारला : पाणी पुरेसे आहे. फेब्रुवारीअखेर विहिरीने तळ दाखवला. ऊस वाळला, हप्ते थकले. त्या माणसाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, त्यामुळे तर मला अधिकच अपराध्यासारखे झाले.

त्याच्या शेजारी एक पन्नाशीचे बागाईतदार राहत. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला एकदा बांधावर थांबवून म्हणाले, “साहेब, इहिरीत पानी किती हाय ते दिवाळीत कोनीबी सांगंल. उपसून टाकायची आन् रात्रीतनं किती भरतीया ते बघायचं व्हतं.”

एवढेच. पण त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

त्यांच्या भागात शेतीपंपांना वीज बहुतेक रात्री मिळे. वीज येईपर्यंत मळ्यात बसून राहायचे आणि आली की मोटर सुरू करून दारे धरायला जायचे. अशा कित्येक रात्री मी त्यांच्याबरोबर बसलो आहे. माझ्याजवळ एक साधी दुर्बीण होती, दोन्ही डोळ्यांना लावायची. हिवाळ्यातले आकाश तेव्हा तिथे इतके काळे असे की चांदण्यांची दाटी पाहून जीव दडपावा. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण अण्णांना अर्थातच ठाऊक होता. गंमत अशी की, ज्या मृगावर पेरणीचे गणित बसते ते नक्षत्र जूनमध्ये सूर्याच्या तेजात बुडालेले असते. शेतकऱ्याला ते डोळ्यांनी दिसते ते थंडीत, रब्बीची राखण करताना.

त्या बाणाच्या खाली तीन मंद ठिपके एका ओळीत दिसतात. मधला ठिपका नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार वाटत नाही; कापसाच्या बोळ्याने कुणी पुसल्यासारखा दिसतो. दुर्बिणीतून तर तो चक्क धुरकट डाग आहे. अण्णांनी विचारले, ही चांदणी अशी पुसल्यावानी का? मी पुस्तकात वाचलेले सांगितले : ती चांदणी नाही, तो तेजोमेघ आहे आणि त्यात नवे तारे तयार होत आहेत.

“अजून?” अण्णा म्हणाले.

त्या एका शब्दात सगळे आले. तारे एकदाच कधीतरी निर्माण झाले आणि तेव्हापासून आहेत तसे आहेत, असे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात बसलेले असते. प्रत्यक्षात मृगातल्या त्या मेघाच्या गाभ्यात जे चार तेजस्वी तारे दाटीने बसले आहेत, त्यांचे वय दहा लाख वर्षांच्या आसपास आहे. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. सूर्याला ४६ वर्षांचा गृहस्थ मानले, तर हे तारे अवघे चार दिवसांचे ठरतात; त्यांची पाचवीही पुजलेली नाही! हा मेघ आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. आज रात्री त्याचा जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेल, तो निघाला तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

तारा तयार कशापासून होतो? वायूपासून, आणि तोही विलक्षण थंड आणि विरळ वायूपासून. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नाही. तिथे हायड्रोजन आहे, थोडा हेलियम आहे आणि चिमूटभर धूळ आहे. काही ठिकाणी हा वायू गोळा होऊन प्रचंड ढग बनतात. त्यांतल्या मोठ्या ढगांत लाख-दोन लाख सूर्य घडवता येतील एवढा माल असतो. तापमान शून्याखाली २६० अंश सेल्सिअस. ‘ढग’ म्हटल्यावर आपल्याला दाट काहीतरी वाटते, पण आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात, आणि या ढगात तेवढ्याच जागेत असतात काहीशे. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत इतकी चांगली निर्वात पोकळी करून दाखवणे कठीण. तरीही हा ढग पसरलेला असतो दहा-दहा, शंभर-शंभर प्रकाशवर्षे, म्हणून त्याच्या पलीकडचे तारे आपल्याला दिसेनासे होतात. उन्हाळ्याच्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यात मध्येच काळ्या फटी दिसतात, त्या फटी नव्हेत. ते हेच ढग.

या धुळीचे काम मोठे मजेचे आहे. हायड्रोजनचा एकटा अणू आणि दुसरा एकटा अणू अवकाशात भेटले तरी त्यांची जोडी सहसा जमत नाही. पण दोघेही धुळीच्या एखाद्या कणावर टेकले तर तिथे त्यांची गाठ पडते, आणि हायड्रोजनचा रेणू तयार होतो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखे धुळीचे कण दुसऱ्यांची कामे उरकत असतात. अशा रेणूंचे ढग, म्हणजे रेणुमेघ, हेच ताऱ्यांचे माहेर. धूळ बाहेरचा उबदार प्रकाशही अडवते, म्हणून आत गारठा टिकतो. गारठा महत्त्वाचा, कारण वायू गरम असेल तर त्याचा दाब त्याला फुगवत राहतो. ढग स्वतःच्या वजनाने कधी ढासळेल आणि कधी तग धरेल, याचे गणित इंग्लंडच्या जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडले. ढग जितका थंड आणि जितका दाट, तितके थोडे वजनही त्याला आत ओढायला पुरते.

एकदा ढगाचा एखादा गाभा असा ढासळू लागला की पुढचे टप्पे ठरलेले आहेत. तो आकसतो, मधोमध तापतो. मुळात असलेली थोडीशी गिरकी आकसताना वाढत जाते आणि गाभ्याभोवती वायू-धुळीची चकती फिरू लागते. पोटात शिरलेल्या मालातला काही भाग दोन्ही ध्रुवांकडून पिचकारीसारखा बाहेर फेकला जातो. मधला गोळा केंद्राशी एक कोटी अंशांच्या घरात तापला की हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर सुरू होते, आणि तारा स्वतःच्या पायावर उभा राहतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला यासाठी काही कोटी वर्षे लागतात. भोवतालच्या चकतीत राहिलेल्या मालाचे ग्रह होतात. २०१४ साली चिली देशातल्या पठारावरच्या ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बीणसंचाने वृषभ राशीतल्या अशाच एका कोवळ्या ताऱ्याची चकती टिपली. तिच्यातली वर्तुळे इतकी रेखीव होती की, हे छायाचित्र नसून चित्रकाराने काढलेले आहे असा माझा पहिला समज झाला होता.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. मला स्वतःला मात्र खिळवून ठेवले ते पुढच्या भागाने, कारण तिथे जमाखर्च सुरू होतो.

आपल्या आकाशगंगेत रेणुमेघांचा एकूण साठा साधारण शंभर कोटी सूर्यांइतका आहे. हे ढग आपल्या वजनाने बिनअडथळा कोसळले, तर तीन-पाच दशलक्ष वर्षांत त्यांचे तारे व्हायला हवेत. भागाकार करा : वर्षाला दोन-तीनशे सूर्य. प्रत्यक्षात आकाशगंगेत दरवर्षी नवे तारे घडतात ते सगळे मिळून एक ते दोन सूर्यांच्या वजनाचे. बहुतेक तारे सूर्याहून लहान असतात, तेव्हा संख्येने म्हणाल तर चार-पाच. दहा ते चाळीस हजार कोटी ताऱ्यांच्या या अवाढव्य नगरात वर्षाकाठी पाळणे हलतात चार-पाच! म्हणजे तारे कसे जन्मतात याहून, ते इतके कमी का जन्मतात, हा प्रश्न जास्त अवघड आहे. १९७०च्या दशकात तो प्रथम स्पष्टपणे विचारला गेला, आणि आजही त्याच्या उत्तरावर शास्त्रज्ञांचे पुरते एकमत नाही.

उत्तराचे तुकडे मात्र हाती आले आहेत. ढगाच्या आत वायू शांत बसलेला नसतो. तो घुसळत असतो, भोवरे उठत असतात, आणि त्यामुळे कोसळणे लांबते. चुंबकीय क्षेत्रे वायूला लगाम घालतात. पण सर्वांत मोठा अडथळा बाहेरचा नाही, घरातलाच आहे. ढगात जे मोजके दांडगे तारे जन्मतात, ते आपल्या प्रखर अतिनील प्रकाशाने आणि वाऱ्याने ज्या ढगात वाढले तोच ढग जाळत, उधळत सुटतात. मृगातला तेजोमेघ आपल्याला चमकताना दिसतो तो याच कारणाने : त्या चार ताऱ्यांनी ढगाच्या आपल्या बाजूच्या अंगाला खळगा पाडला आहे आणि खळग्याच्या भिंती पेटल्यासारख्या उजळल्या आहेत. त्यामागचा अंधारा ढग याच्या कितीतरी पट मोठा आहे.

हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये घेतलेले ते प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरच्या गरुड तेजोमेघातले धुळीचे तीन खांब. त्या वेळी ते वर्तमानपत्रांतून छापून आले, कॅलेंडरांवर आले, आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने ते काचेखाली ठेवले होते. सर्जनाचे प्रतीक म्हणून जग त्याकडे पाहत होते. खरे तर ते झिजत चाललेल्या ढगाचे अवशेष आहेत. वरच्या बाजूला असलेले तरुण तारे त्यांना दर क्षणी कुरतडत आहेत. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त किरणांत तेच खांब पाहिले, तेव्हा धुळीच्या आत दडलेले तांबूस रंगाचे नवजात तारेही दिसले. जन्म आणि नासाडी एकाच चौकटीत.

शिवाय दांडगे तारे जगतात थोडे. मृगातलाच काक्षी हा तांबडा तारा घ्या. वय एक कोटी वर्षांच्या आतबाहेर, आणि एवढ्यातच म्हातारा. त्याचा शेवट स्फोटात होणार. अशा स्फोटांनी आसपासचा वायू तापतो, फेकला जातो आणि पुन्हा थंड होऊन ढग बनायला काळ जावा लागतो. म्हणजे दीर्घिका आपल्या पुंजीतले फार थोडे एका वेळी खर्चू शकते. खर्च वाढला की खर्च करणारेच तिजोरीला कुलूप घालतात. बँकेतल्या माणसाला ही व्यवस्था पाहून हेवा वाटावा!

पण खर्च हळू असला तरी खर्चच. रेणुमेघांचा शंभर कोटींचा साठा, वर्षाचा खर्च एक-दोन. म्हणजे हा साठा फार तर शंभर कोटी वर्षे पुरेल. ज्याचे अजून रेणू बनलेले नाहीत असा सुटा हायड्रोजन त्याच्या काही पट आहे. मरणारे ताऱ्यांतून काही माल परतही येतो. सगळे धरले तरी हिशेब आकाशगंगेच्या तेराशे कोटी वर्षांच्या आयुष्याला पुरत नाही. तरी ती आजवर तारे घडवत आली आहे. याचा अर्थ, बाहेरून कुठून तरी नवा वायू येत असलाच पाहिजे.

माझी विहिरीची गोष्ट इथे मला आठवते, ती उगाच नाही.

सगळ्या दीर्घिकांचा कारभार आकाशगंगेसारखा जपून चालत नाही. सप्तर्षींच्या बाजूला सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आत ‘एम ८२’ नावाची दीर्घिका आहे. शेजारच्या मोठ्या दीर्घिकेच्या ओढाताणीने तिचा वायू मध्यभागी जमला आणि तिथे ताऱ्यांची जत्रा उसळली. आकारात ती आकाशगंगेहून बरीच लहान, पण तारे घडवण्याचा तिचा वेग कित्येक पट अधिक. आणि त्याच भरात तिचा वायू दोन्ही बाजूंनी बाहेर उधळला जातो आहे. रात्रंदिवस मोटर चालवणाऱ्याची ही विहीर. उलट कन्या राशीतली ‘एम ८७’ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका. २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, ते कृष्णविवर हिच्याच पोटातले. इथे वायू मुबलक आहे, पण तो कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला. कृष्णविवराकडून येणारे झोत त्याला निवू देत नाहीत. समुद्रकाठच्या माणसाने तहानेने मरावे तसा प्रकार. आपली शेजारीण देवयानी दीर्घिका आकाराने आपल्याहून मोठी, पण तिचा ताऱ्यांचा कारखाना आपल्याहूनही मंद झालेला आहे.

एकेक घर सोडून अख्ख्या वस्तीकडे पाहिले तर चित्र आणखी गंभीर आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश जुना असतो, त्यामुळे दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे. असे मागे पाहत गेल्यावर दिसते की, विश्वात तारे घडण्याचा वेग सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी सर्वांत जास्त होता. तेव्हापासून तो उतरत आला आहे. आज तो त्या वेळच्या जेमतेम एक-दशांश आहे. ताऱ्यांचा सुगीचा हंगाम आपला सूर्य जन्मायच्या कितीतरी आधी होऊन गेला.

असे का व्हावे? तर्क अनेक होते. नेमके उत्तर द्यायचे तर त्या जुन्या काळात दीर्घिकांच्या विहिरींत पाणी किती होते, हे मोजायला हवे. ताऱ्यांचा प्रकाश दिसतो, रेणुमेघांचाही अंदाज येतो. पण मूळ साठा जो सुटा हायड्रोजन, तो मोजायला एकच खूण आहे. हायड्रोजनचा अणू अधूनमधून २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. आपल्या मापात सांगायचे तर वीतभर. हॉलंडच्या व्हान द हुल्स्ट यांनी हे भाकीत १९४४ साली केले आणि १९५१ मध्ये ही लहर सापडली. अडचण एकच : एकटा अणू अशी लहर सोडायला सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ घेतो. अणू अगणित असतात म्हणून जवळच्या दीर्घिकांतून ती लहर ऐकू येते. दूरच्या दीर्घिकांतून येणारी इतकी क्षीण असते की ती पकडण्याचा नाद बहुतेकांनी सोडून दिला होता.

आता पुन्हा जुन्नर तालुक्यात येऊ. मी त्या शाखेत होतो त्याच काळात नारायणगावजवळच्या खोडदला आणि आसपासच्या शिवारांत एकेक करून प्रचंड तबकड्या उभ्या राहत होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली ही ‘जीएमआरटी’ दुर्बीण. पत्र्याच्या भरीव तबकड्यांऐवजी त्यांनी ताणलेल्या दोरांवर पोलादी तारेची जाळी बसवली, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही उतरले आणि वाराही आरपार जाऊ लागला. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. गुंठ्यांत मोजायची आमची खोड. एक तबकडी भरते पंधरा-सोळा गुंठ्यांची, आणि तीस तबकड्या मिळून पावणेबारा एकरांचे रान. चौदा तबकड्या खोडदला जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. लोक त्याला सरळ ‘दुर्बीण’ म्हणत. अण्णा एकदा म्हणाले होते, एवढ्या मोठ्या कानानं ऐकतात तरी काय? तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते.

उत्तर मिळायला २०२० साल उजाडले. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या दोन सहकाऱ्यांसह, सुधारलेल्या जीएमआरटीने सुमारे शंभर तास आकाशाचे काही ठरावीक तुकडे ऐकले. त्या तुकड्यांतल्या ७६५३ दीर्घिकांची स्थाने आणि अंतरे हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीने आधीच मोजून ठेवलेली होती. त्यांची लहर निघाली सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वी. विश्व तेव्हापासून प्रसरण पावत गेले, तशी लहरही ताणली गेली; निघताना वीतभर होती, खोडदला पोचेपर्यंत हातभर झाली.

एकेका दीर्घिकेची लहर तर गोंगाटात पुरती बुडालेली. मग त्यांनी केले काय, तर सगळ्यांची बेरीज. हे मला बँकेमुळे चटकन उमगले. हजारो खात्यांत कुठे दोन पैसे जास्त, कुठे दोन पैसे कमी अशा किरकोळ चुका असल्या, तर एकूण बेरजेत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. पण प्रत्येक खात्यात खरोखरच एक पैसा जमा पडत असेल, तर बेरजेत तो लपत नाही. तसा तो लपला नाही. त्या काळातल्या दीर्घिकांमधला सुटा हायड्रोजन प्रथमच मोजला गेला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोविंद स्वरूप त्याआधी महिनाभर, ७ सप्टेंबरला, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी गेले होते.

निष्कर्ष असा. त्या दीर्घिकांत सरासरीने जेवढे वजन ताऱ्यांचे, जवळपास तेवढेच सुट्या हायड्रोजनचे होते. म्हणजे विहीर तुडुंब. पण तारे घडण्याचा वेगही इतका की, नवा वायू आला नसता तर तो साठा अवघ्या शंभर ते दोनशे कोटी वर्षांत संपला असता. आणि नंतरच्या काळात ताऱ्यांचा जन्मदर तर उतरलेलाच दिसतो. तेव्हा त्याचे संभाव्य कारण हेच की, बाहेरून येणारा वायू त्या उपशाला पुरेसा पडला नाही. ही बातमी वाचली तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो. मला त्या १९९३च्या नोव्हेंबरातली विहीर दिसत होती, आणि अर्जावरचे माझे स्वतःचे अक्षर.

दोन-तीन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मी खोडदला गेलो. त्या सुमाराला तिथे प्रदर्शन भरते, शाळाशाळांतून मुले येतात. मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण अवकाशातल्या कुजबुजीपुढे खिशातला फोन म्हणजे ढोल. परतताना वाट वाकडी करून अण्णांच्या मळ्यावर गेलो. आता वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी ऐकतात, पण डोळे शाबूत. संध्याकाळ होऊन मृग डोक्यावर आला होता. द्राक्षबागांपलीकडे रस्त्यावरचे दिवे वाढलेत. तो पुसट डाग दाखवायला या खेपेला दुर्बीण लावावी लागली. मी त्यांना मोठ्या आवाजात सगळे सांगितले : दीर्घिका, वायू, बेरीज, सात हजार सहाशे त्रेपन्न. ते मान हलवत ऐकत राहिले.

“म्हंजे इहीर भरल्याली व्हती,” ते म्हणाले, “पन झरं कमी पडलं.”

मी हो म्हटले.

“आन् आपली? जिच्यात आपून ऱ्हातो ती?”

आपल्या आकाशगंगेचे झरे अगदी आटलेले नाहीत. हायड्रोजनचे काही ढग बाहेरून तिच्यावर येऊन पडताना रेडिओ दुर्बिणींना दिसतात. १९६३ साली सापडलेला ‘स्मिथचा मेघ’ त्यांतलाच. दहा लाख सूर्यांहून जास्त वजनाचा हा ढग सुमारे तीन कोटी वर्षांनी आकाशगंगेच्या तबकडीवर आदळेल आणि तिथे नवे तारे उमलतील, असा अंदाज आहे. शेजारच्या मॅगेलनच्या दोन लहान दीर्घिकांतून ओढला गेलेला वायूचा एक लांबच लांब ओघळही आकाशगंगेभोवती पसरला आहे. तो कधी आणि किती आत येईल, यावर पुढच्या ताऱ्यांची संख्या अवलंबून राहील. मी अण्णांना म्हटले, झरा चालू आहे, पण बारीक आहे.

“बारीक का आसंना,” ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विहिरीकडून मोटरचा आवाज येऊ लागला, तसा त्यांनी नातवाला हाक मारली. विहिरीवर आता आणखी दोन बोअर झाली आहेत, ती नातवाने घेतलेली. त्यावरून घरात कुरबूर असते हे मला ठाऊक होते. नातू आला तेव्हा अण्णा दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच त्याला म्हणाले,

“मोटर बंद कर रं. सकाळी बघू किती भरतीया.”